कोणीतरी म्हणजे कोण

प्रिय दिव्यानी,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. कॉलेजात परीक्षा चालू आहेत असं तुला कळवलं, ते खरं नव्हतं. परीक्षा केव्हाच संपल्या. तुझ्याशी बोलताना मला माझा आवाज सांभाळता आला नसता, म्हणून लिहायला बसले आहे. दवाखान्यात ड्यूटीवर असताना हे वाचू नकोस. खोलीवर जाऊन, जेवून मग वाच.

तुझी आई बरी आहे. काल गेले होते. काकू अंगणात लाखोळीची कोवळी पालेभाजी निवडत बसल्या होत्या. पोटच्या पोराचं, गोपालचं, नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. निघताना त्यांनी भाजीचा वाटा माझ्या हाती दिला, म्हणाल्या, “देवरावभाऊले आवडते, ने.” माझ्या बाबांसाठी. रस्त्यानं येताना ती भाजी धरवेना आणि टाकवेनाही. घरी आणून ओट्यावर ठेवली. बाबांनी पाहिली आणि न जेवताच उठले.

मी सावली गावच्या कॉलेजात काय शिकवते ते तू नेहमी हसत विचारायचीस. या महिन्यात तर्कशास्त्रातले सत्यवृक्ष शिकवत होते. एखादा युक्तिवाद वैध ठरतो का हे बघायला विधानं एकाखाली एक लिहायची, जिथे दोन शक्यता निघतात तिथे झाडासारख्या फांद्या फोडायच्या, आणि ज्या फांदीवर एकच गोष्ट ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही आली, ती फुली मारून बंद करायची. यात ‘कोणीतरी’ आणि ‘सर्व’ या शब्दांचे वेगळे नियम आहेत. ‘कोणीतरी अमुक केलं’ असं विधान आलं, की त्या कोणाला तरी नवीन नाव द्यायचं, फांदीवर आधी न आलेलं. ओळखीचं नाव तिथे घुसवायचं नाही, कारण तोच होता हे आपल्याला अजून ठाऊक नसतं. पोरं नेमकी इथे चुकतात. ‘सर्व’ असेल तर मात्र फांदीवर जेवढी नावं आली तेवढ्यांना ते लावून बघायचं, एकही सोडायचं नाही.

गोपाल गेला त्या दिवशी हा पहिला नियम माझ्या फार कामी आला. तू गडचिरोलीहून पोचायच्या आधीच नाल्यावर सगळं गाव जमलं होतं. त्याच्या पायावर भाजल्याची खूण होती, पण तार कुठेच नव्हती. म्हणजे कोणीतरी रानडुकरांसाठी जिवंत तार लावली आणि पोरगं पडलेलं पाहून काढून नेली, एवढं सगळ्यांना कळलं. लोक म्हणाले, “बाहेरचे शिकारी असन. आपल्या गावातला माणूस असं करते काय?” मीही मान हलवली. कोणीतरी म्हणजे नवीनच माणूस, असं मनाशी धरून बसले. पंचनाम्याच्या वेळी हवालदारांनी नाल्याकाठच्या शेतवाल्यांची चौकशी केली, तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं, की आमचे बाबा रात्रभर घरीच होते. मी तर रात्रभर झोपेत होते, दिव्यानी. मला काहीच माहीत नव्हतं. तरी सांगितलं, आणि मास्तरीणबाई खोटं कशाला बोलेल म्हणून ते त्यांनी लिहूनही घेतलं. नंतर बाबांनी गोपालला खांदा दिला. तुमच्या घरापासून नदीपर्यंत त्यांनी तो कोणाला बदलू दिला नाही, हे तूच मला रडत सांगितलं होतंस.

मागच्या आठवड्यात वर्गात मी हाच नियम फळ्यावर सोडवून दाखवला. रीता नावाची पोंभुर्ण्याकडची एक मुलगी आहे, तिनं विचारलं, “मॅडम, नवीन नाव घेतलं म्हणजे तो माणूस आधीच्या नावांपैकी नाई, असं ठरते काय?” मी सवयीनं उत्तर दिलं, की नाही, तसं ठरत नाही. नवीन नाव फक्त तात्पुरतं असतं. आधी ज्याचं नाव आलं आहे, तोही हा माणूस असू शकतो, आपण आधीच ठरवून टाकत नाही इतकंच. बोलता बोलता माझ्या हातातला खडू थांबला. तास मध्येच सोडून मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

मग बसमध्ये सगळा रस्ता मी तेच करत आले. तारेला वीज लागते, आणि नाल्यावर वीज फक्त मोटरपंपाची. ज्याची ज्याची मोटर तिथे आहे, त्या प्रत्येकाला लावून बघायचं. बापूरावांची मोटर जळाली होती, तेव्हा ती पोंभुर्ण्याला दुरुस्तीला गेलेली. ती फांदी बंद. इतवारीकाकांचं शेत यंदा पडीक, डुकरांपासून राखायला तिथे काही नव्हतं, आणि ते स्वतः चंद्रपूरला लेकीकडे. तीही बंद. मग आमचं शेत उरलं. धान भरात आलेलं, डुकरांनी अर्धा बांध उकरलेला. मी किती प्रयत्न केला म्हणून सांगू, ती फांदी बंद होईना. बाबा घरी होते, हे एकच वाक्य तिला बंद करू शकलं असतं, आणि ते माझंच होतं, खोटं.

घरी आले तेव्हा बाबा गोठ्यात होते. मी काही सजवून विचारलं नाही. “बाबा, तार आपली होती काय?” एवढंच म्हटलं. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “तुले कोनं सांगतलं?” आणि खालीच बसले. रोज उजाडायच्या आत जाऊन ते वीज बंद करत. त्या दिवशी त्यांना जाग उशिरा आली. “मी गेलो तं पोरगं पडून होतं. हलवून पाह्यलं. मंग तार गुंडाळली अन्‌ पाण्यात फेकली. काऊन फेकली, मलेच समजत नाई.” त्यानंतर पुष्कळ वेळ ते एकच बोलत राहिले, की या पोराला आपण खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं.

माझा बाप वाईट नाही असं मी तुला लिहिणार होते. लिहून खोडलं. ते ठरवणं आता माझ्याकडे नाही. मला त्यांची दया येते आणि दया आली की तुझं तोंड आठवतं. त्यांच्यासाठी भाकरी टाकते तेव्हाही अपराधी वाटतं, नाही टाकली तरी वाटतं. उद्या सकाळी आम्ही दोघं पोंभुर्ण्याच्या ठाण्यात जाणार आहोत. ते त्यांचं सांगतील. त्यांच्या मागून मी माझं सांगेन, हवालदारांपुढे खोटं बोलले ते. ठाण्याच्या आधी तुझ्या आईकडे जाऊ. काकूंनी दार लावून घेतलं तर दाराबाहेरून सांगू, पण सांगू.

तसं हे सगळं तुला ठाण्यातूनही कळलं असतं. लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मार्कंड्याला अस्थी सोडल्यावर तू नदीत पाय टाकून बसली होतीस आणि हळूच म्हणालीस, “मीच मारलं त्याले, स्वाती. गडचिरोलीले येतो म्हणाला तं मीच म्हटलं, नाल्याचे मासे घेऊन ये.” मी तेव्हा तुला नुसतं जवळ घेतलं. तेव्हापासून तू मासे खात नाहीस, घरी येत नाहीस, आईशी धड बोलत नाहीस, हे काकूंनी काल सांगितलं. त्यांना वाटतं तू त्यांच्यावर रागावली आहेस. दिव्यानी, तू भावाला मासे आण म्हणालीस. बहिणी म्हणतात. त्या वाटेवर वीज सोडली होती माझ्या बापानं, आणि विचारणाऱ्याला परत पाठवलं मी. यात तुझं नाव कुठेच येत नाही. हे पत्र वाचल्यावर आमच्याशी बोलू नकोस हवं तर, आयुष्यभर नको बोलूस. पण पहिल्या बसनं आईकडे जा.

तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरीही तुझीच,
स्वाती