कलकत्त्याची स्थळं आणि एक नारळ

श्री. लालासाहेब दादा यांस,

साताऱ्याहून कृष्णातचा रामराम. साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण रागावलेल्या माणसानं घातलेला नमस्कार खोटा दिसतो, आणि मी तुमच्यावर रागावलेलो आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. आपला उजवा गुडघा कसा आहे? वैनींची साखर आटोक्यात आहे ना? म्हैस व्याली का, आणि ऊसतोडीची टोळी आली का, की तोडीची चिठ्ठी मिळावी म्हणून अजून कारखान्याच्या चिटबॉयला रोज चहा पाजणं चाललंय? तुमच्या चि. शंभूराजनं आता मुली बघायला जायचं कायमचं बंद केलं, असं सौ. अंजनाकडून समजलं. वाईट वाटलं. एवढी बागायत, एवढा कामाचा पोरगा, पण शेती करतो म्हटल्यावर लोक चहाचा कपसुद्धा अर्धाच भरतात. (हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, हे मान्य. पण तुमच्याकडं फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या घरानं ऐकायची पद्धत आहे. शिवाय मी चिडायला लागलो की तुमच्या शिवारात नेमकी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही.)

तर दादा, आम्ही कलकत्त्याला जाऊन आलो. मी फौजेत असताना आसामला जाता-येता हावड्याला कितीदा गाडी बदलली, त्याला गणती नाही. पण डोक्यावर ट्रंक आणि मनात पुढची गाडी, त्यामुळं एवढं मोठं नावाजलेलं शहर माझ्या लेखी म्हणजे फलाट, हमाल आणि मातीच्या कपातला चहा. बाहेर पडून तो पूल एकदा डोळे भरून बघावा, ही माझी जुनी हौस. ती आमच्या अंकितानं लक्षात ठेवली. नाशिकला द्राक्षबागांच्या रोगराईवर सल्ला देता देता तिनं सुट्टी काढली, तिकिटंही काढली आणि मला म्हणाली, चला, पण एका अटीवर. ह्या सबंध प्रवासात माझ्या लग्नाचा विषय निघणार नाही. मी तिला शब्द दिला. का नाही देणार? आजवर तिला बघायला आलेल्यांनी आमच्या घरी इतके पोहे खाल्लेत, की वाणी मला लांबून बघितलं तरी पोह्यांचं पोतं पुढं ओढतो. पोरगी ह्या सगळ्याला विटलेली आहे. तिनं एक गोष्ट मागितली आणि ती द्यायला माझं काही जात नव्हतं. फौजेतला माणूस शब्द मोडत नाही, असंही मी वर बोलून गेलो. (हे जरा जास्त झालं, हे मला नंतर कळलं.)

मग माझ्या हातून एकच चूक झाली. मी तुम्हाला फोन करून म्हणालो की, आपल्या भागातली सोनं गाळणारी गलाईवाली मंडळी कलकत्त्याला पुष्कळ आहेत, तर कुणाला तरी सांगून ठेवा, आम्हाला तिथली चांगली स्थळं बघायची आहेत. दादा, मी प्रेक्षणीय स्थळं म्हणत होतो. पूल, राणीचा तो पांढरा महाल, काली मंदिर, म्युझियम. घरात उपवर मुलगी असलेल्या माणसानं 'स्थळ' हा शब्द सुटा वापरू नये, एवढी अक्कल मला हवी होती, हेही मान्य. पण तुम्ही तरी एका शब्दानं विचारायचं!

स्टेशनावर तुमचे दिग्विजयशेठ स्वतः हजर. सोनं-चांदी गाळून गाळून माणूस तापट झाला असेल असं मला वाटलं होतं, तर हा अगदी लोण्यासारखा. आम्ही हॉटेल घेतलंय हे ऐकूनही न घेता त्यांनी आमच्या बॅगा उचलून आपल्या घरी नेल्या. बऊबाजारात खाली भट्टी, वर घर, भिंतीवर औंधच्या यमाईचा फोटो आणि ताटात ज्वारीची भाकरी, खर्डा आणि वर मूठभर भडंग. एवढ्या लांब येऊन आपण विट्याच्या स्टँडवर उतरलो की काय, असं मला क्षणभर वाटलं. जेवण झाल्यावर शेठ मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दाजी, निवांत ऱ्हावा. लालासाहेबांनी समदं सांगितलंय. म्या चार स्थळं काढून ठेवल्यात. पयलं जुनं हाय, पर भक्कम. दुसरं हावड्याकडं, जरा लांब पडंल. एक लय बघण्यासारखं हुतं, पर त्ये आता बंद झालंय."

मी विचारलं, दुरुस्तीला काढलंय का? तर म्हणाले, न्हाई, गेल्या महिन्यात सुपारी फुटली. मला वाटलं, म्हणजे पाडून नवंच बांधतायत, आणि ठेकेदारानं सुपारी फोडून भूमिपूजन केलं असणार. मग मी आपला व्यवहारी प्रश्न काढला, की ह्या ठिकाणी काही द्यावं लागतं का. (मी तिकिटाबद्दल बोलत होतो.) शेठचा चेहरा पडला. आपल्या लोकांत आता तसलं कुणी घेत नाही, असं ते जरा दुखावूनच म्हणाले. नारळावर होतं सगळं. मी मनाशी नोंद केली, की काली मंदिराला नारळ चालतो.

पहिलं स्थळ बघायला सकाळी निघालो. अंजना जरीची हिरवी साडी नेसून तयार. एवढी भारी साडी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, देवीला जायचं तर पातळ गुंडाळून जाऊ का? दिग्विजयशेठनी आम्हाला एका दोनमजली घरात नेलं. घर जुनं होतं आणि खरंच भक्कम होतं. मला वाटलं, हे एखाद्या जुन्या सावकाराचं नावाजलेलं घर असावं, आत बघण्यासारखं काहीतरी असणार. आत खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा बसला होता आणि तो काही केल्या बोलत नव्हता. मी त्याला गाईड समजलो. मी छताच्या तुळयांकडं बघत यजमानांना विचारलं, किती जुनं असेल हे? ते म्हणाले, "एकतीस सरलं. पर दिसत न्हाई." मी म्हणालो, एकतीसच्या मानानं डागडुजी बरीच झालेली दिसते. त्यावर तो मुलगा पहिल्यांदा हलला. मग पोहे आले. अंजनानं ते मन लावून खाल्ले. अंकिता अधूनमधून माझ्याकडं बघत होती, आणि मी तिच्याकडं बघून हसून मान हलवत होतो, की बघ, परक्या मुलखात आपल्या माणसांचा पाहुणचार कसा असतो. दुसऱ्या घरीही पोहे. तिथल्या गाईडला मिशा होत्या. मी शेठना वाटेत म्हणालो, पोहे पुष्कळ झाले, आता जरा देवीकडं जाऊ या. ते म्हणाले, तिसरं स्थळ झालं की तुमी म्हणाल तिकडं.

मला वाटलं, तिसरं स्थळ म्हणजेच देवी. म्हणून मी कोपऱ्यावरून चांगला शेंडीचा नारळ घेतला. दादा, इथून पुढं जे झालं, ते लिहिताना अजून कानशिलं तापतात. तेही घरच निघालं. माणसं मूळची आटपाडीकडची, पण इथं तीन पिढ्या झालेल्या. दारात त्यांच्या आजी, साळूबाई, उभ्या होत्या. आत देवघर दिसत होतं, फुलं ताजी होती. मला वाटलं, जागृत देवस्थान आहे, घरातच आहे, आणि आजी पुजारीण आहेत. मी चपला काढल्या, टोपी सरळ केली आणि दोन्ही हातांनी नारळ आजींच्या ओंजळीत ठेवून वाकलो.  मग आजींनी नारळ कपाळाला लावला, देवासमोर ठेवला, आणि मागं वळून अंकिताच्या कपाळाला हळदकुंकू लावत म्हणाल्या, "माजं आयुष्य घे गं बाई. बघण्याआदीच नारळ देनारी मानसं आमी पयल्यांदा बघितली." कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्यांच्या नातवाला कुणीतरी पेढा भरवला.

तेव्हा मला कळलं. पण सगळ्यांत आधी मी बघितलं ते अंकिताकडं. ती माझ्या रिकाम्या हातांकडं बघत होती. ती उठली आणि त्यांच्या गच्चीचा जिना चढून गेली. त्या घरची मुलगी, मयूरी, तिच्या मागं धावली. खाली मी घाम पुसत शेठना विचारलं, हे काय चाललंय, आणि त्यांनी तुमचा शब्दन् शब्द सांगितला, की आमचं पाव्हणं पोरगी घेऊन येत्यात, चांगली स्थळं दाखवा, एकबी सोडू नका. मी तिथं कसा बसलो आणि सगळ्यांची माफी कशी मागितली, ते मला आठवत नाही. ती माणसं मात्र इतकी भली, की नातवाच्या तोंडातला पेढा तेवढा गोड मानून घेतो म्हणाली. आणि पुन्हा पोहे आले.

संध्याकाळी अंकिता म्हणाली, पूल बघायचाय ना तुम्हाला, चला. अंजनाचे पाय दुखत होते, म्हणून आम्ही दोघंच गेलो. ज्या पुलासाठी मी इतक्या वर्षांनी आलो होतो, तो दादा, मी नीट बघितलाच नाही. खाली गंगा, फुलबाजारातून झेंडूची ओझी डोक्यावर घेऊन माणसं पळतायत, वर ते अवाढव्य लोखंड, आणि मी पोरीच्या चेहऱ्याकडं बघत चाललोय. मध्यावर गेल्यावर ती थांबली.

"पप्पा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला हुता, आन मोडला न्हाई. तुज्या मामानं उलटा अर्थ लावला. मला खरंच ठावं नव्हतं, बाळा."

तिनं माझ्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. लढाईत नाही भ्यालो तेवढा मी तेव्हा भ्यालो होतो. पोरीनं लग्न करो न करो, पण आपला बाप आपल्याला फसवून पोह्यांच्या ताटासमोर बसवतो, असं तिला जन्मभर वाटलं असतं, तर माझ्या पेन्शनीतल्या सगळ्या दिवसांचा काही उपयोग नव्हता. मग ती म्हणाली, "पण नारळ, पप्पा? नारळ कुणी सांगितला होता तुम्हाला?" मी तिला तिकिटाचं आणि काली मंदिराचं सांगितलं. त्यावर ती कठड्याला धरून इतकी हसली, की ओझी नेणारे लोक थांबून बघायला लागले. मीही हसलो. मला रडू येत होतं, ते त्यात खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. राणीचा महाल रिक्षातून दिसला, पांढरा आहे. तर दादा, तुमच्या कृपेनं मी कलकत्त्यात ही एवढी स्थळं बघितली. यापुढं माझ्यासाठी फोन करताना शब्द जपून वापरा. सर्वांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा, आणि माझा राग हे पत्र लिहिता लिहिता गेला असला तरी आहे असं धरून चाला.

आपला मेव्हणा,
कृष्णात

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं, ते राहिलंच. तो नारळ अजून तिथंच आहे. साळूबाई म्हणतात, देवासमोर ठेवलेला नारळ परत द्यायचा नसतो. आता नीट ऐका. अंकिता गच्चीवर गेली तेव्हा तिथं त्या मयूरीनं रंगाच्या डब्यांतून वांगी, मिरची, हळद, सगळं लावलेलं होतं. पानावरचा डाग कसला म्हणून तिनं विचारलं आणि दोघी तासभर त्यावरच बोलत बसल्या. पोरगी कलकत्त्यात जन्मली, बंगाली फाडफाड बोलते, पण हट्ट एकच, की रान असलेल्या घरात देणार असाल तर लग्न करते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना वाटतं, शहरातली पोरगी टिकायची नाही, म्हणून तिच्याकडं कुणी जात नाही. अंकितानं तिला शंभूराजचा फोटो दाखवला. आपल्या उसाच्या कडेला चिखलात उभा असलेला, तोच. चांगल्या कपड्यातला दाखवू का म्हणाली, तर मयूरी म्हणाली, हाच राहू दे. देवक मी विचारून ठेवलंय, अडचण नाही. तेव्हा टोळी आली असेल तर ऊस तिच्यावर सोडा आणि शंभूराजला घेऊन कलकत्त्याला निघा. अंकितानं एकच अट घातलीय: त्याला कशाला नेताय ते सरळ सांगून न्या.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी अंजनाला वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, दादाला कशाला बोल लावता, त्याला अर्थ बरोबर कळला होता. मीच त्याला मागाहून फोन करून सांगितलं होतं, की लेकीसाठी स्थळं बघ, ह्यांना कळू देऊ नको. दादा, वरचा सगळा राग मी परत घेतो. अंजनावर काढायची सोय नाही, हे तुम्ही लहानपणापासून जाणता.

तिसरा ता. क. पुलावर मी अंकिताला सांगितलं होतं, की सगळा घोळ तुझ्या मामाचा. तो तसा नाही हे कळल्यावर मला झोप येईना. सकाळी तिला नाशिकला फोन लावून खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "पप्पा, मम्मीचं आणि मामांचं मला, मम्मीनं हिरवी साडी बॅगेत भरली तेव्हाच कळलं होतं. त्याचं काही नाही. तुमच्या हातात नारळ बघितला आणि वाटलं, तुम्हीपण. तेवढंच फक्त लागलं होतं मला." आणि नंतर म्हणाली, मामा कलकत्त्याला निघाले तर सांगा, मी परत येते, आपला पूल बघायचा राहिलाय. तेव्हा दादा, लवकर निघा. येताना नारळ मात्र आणू नका. तिथं एक आहे.