पडद्याची सुलट बाजू

माय, अमरावतीहून आत्ताच अकोल्याला घरी आले. पाय दुखताहेत, स्वयंपाक व्हायचा आहे, पण आधी तुझ्याशी बोलते. माणसांच्या हक्कांवरच्या माहितीपटांचा महोत्सव होता तिथे. गटारात उतरणाऱ्या माणसांवर एक, वेठबिगारीवर एक, असे दिवसभर चालले होते. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. खुर्ची मऊ होती, आणि मी बसल्या बसल्या आपल्या गावच्या चावडीपुढे पोचले.

दर्यापूरकडच्या आपल्या गावात सरकारी प्रचाराची गाडी आठवडाभर मुक्कामाला आली होती, कापूस वेचणीच्या दिवसांत. रोज अंधार पडला की एक सिनेमा. कधी हुंड्यावर, कधी दारूवर, कधी शिवाशिवीवर. चावडीपुढे दोन बल्ल्या रोवून पांढरं कापड ताणायचे. कापडापुढे गाव बसायचं आणि कापडामागे आपण. तिकडे बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. तमाशाला, कीर्तनाला आपली जागा मागेच, म्हणून सिनेमालाही मागेच. नागपूरला जाऊन तुम्ही दीक्षा घेतली होती, घरातले देव नदीत सोडले होते, पण ही मागे बसायची खोड काही सुटली नव्हती. मागून चित्र चांगलं दिसायचं, फक्त सिनेमातली सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची. मी तुला विचारलं तर म्हणालीस, शहरातले लोक असतीन, त्यांचं काही सांगता येत नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी मुंबईचे लोक डावखुरे समजत होते!

तेव्हा तू प्रौढांच्या रात्रवर्गाला जायचीस. दिवसभर वेचणी, मग भाकरी, मग वर्ग. चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं काढायचीस आणि तव्यावर भाकरी करपायची. बाबा करवादले की, करपली त करपली, अक्षर त बराबर निघालं, असं त्यांनाच ऐकवायचीस. काय तो तुझा तोरा होता! आणि मग साक्षरतेचा सिनेमा आला. पडद्यावर मोठ्ठी पाटी, पाटीवर मोठ्ठाली अक्षरं. तू पुढे सरकलीस, ओठ हलवायला लागलीस आणि थांबलीस. तुला एकही अक्षर ओळखता आलं नाही. घरी आल्यावर तू पाटी कोनाड्यात पालथी ठेवून दिलीस. "मले काईच येत नाही वं," म्हणालीस. "त्या मास्तरनं उगाच माह्यं मन राखलं." तुझा असा बारीक आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाताना तू गाडीपाशी थांबलीस. मशीन चालवणारा बडनेऱ्याचा माणूस कापडाची घडी घालत होता. तू त्याला विचारलंस, "भाऊ, तुमच्या सिनेमातले अक्षरं कोन्या भाषेतले हायेत?" तो आधी हसला. मग तुम्ही बसता कुठे, असं त्यानं विचारलं, आणि तू सांगितल्यावर त्याचं हसू गेलं. मराठीच आहेत बाई, म्हणाला, मागून पाहता म्हणून उलटी दिसतात. तू त्या घडीकडे बघत उभी राहिलीस. मग एकदम हसलीस आणि वावरात पोचेपर्यंत वाटेत हसतच राहिलीस. मास्तरानं खोटं शिकवलं नव्हतं, तुझ्या डोक्यात भुसा भरलेला नव्हता. कापडच उलटं होतं.

त्याच संध्याकाळी तू माझा हात धरलास आणि बल्लीला वळसा घालून पुढे आलीस. तुला भीती ठाऊकच नव्हती असं लोक सांगतात, ते खोटं आहे. कडाक्याची थंडी होती आणि तुझा हात घामानं चिंब होता. ज्यांच्या वावरात तू वेचायला जायचीस ते मालक समोरच सतरंजीवर बसलेले.

"काहून वं, तिकून दिसत नाही का?" मालकांनी विचारलं.

"दिसते जी," तू म्हणालीस. "पण वाचता येत नाही." आणि खाली बसलीस.

तुझ्या शेजारच्या बाईनं पदर आवरला आणि ती अंग चोरून लांब सरकली. इंजिन धडधडायला लागतं, कापडावर उजेड पडतो, अक्षरं येतात. तू बोट पुढे करून मोठ्यानं वाचतेस, "वि... ही... र. विहीर!" मग ती सरकलेली बाईच वाकून तुला विचारते, "अन् खाली काय लिवलं?"

"थांब," तू म्हणतेस, "वाचून राहिली."

मालकांनी दुसऱ्या दिवसापासून तुला वेचणीला बोलावलं नाही. उरलेला हंगाम तू शेजारच्या गावापर्यंत चालत गेलीस, टाचांना भेगा पडल्या, आणि तू मालकांना अशा झकास शिव्या दिल्यास की त्यातल्या काही मला अजून उपयोगी पडतात. पण शेवटच्या सिनेमाला आपली अर्धी वस्ती पुढे येऊन बसली होती. मागे नुसती पोरं होती, सगळ्या गावची, उलट्या चित्रांमागे धावत. मी पुढे शिकले, शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, त्याची सुरुवात तिथली आहे. एवढी छाती मला कधी जमली नाही, माय. तुझा मला फार अभिमान आहे, आणि तू होतीस तोवर हे कधी बोलले नाही.

आज चहाच्या सुट्टीत मी पडद्यामागे डोकावून आले. मागे भिंत आहे, कोणाला बसायला जागाच नाही. मी त्या भिंतीला हात लावला आणि मला रडू आलं. हे पत्र टाकायचं कुठे? मोठ्यानं वाचते आणि ठेवून देते. आणि एक सांगायचं राहिलं. आज पडद्यावर जी जी अक्षरं आली ती सगळी मी मोठ्यानं वाचली. शेजारची पोरगी शू शू करत होती. मी थांबले नाही.