मोठ्यांचं कपाट

६ एप्रिल, रविवार. रत्नागिरी.
सुट्टी. सकाळी लोट्याच्या केमिकल कंपनीतून आलो. आंघोळ, झोप. उठलो तर प्रज्ञा पुस्तक घेऊन समोर उभी. मागच्या खेपेला मीच आणलेलं, त्या शाळकरी गुप्तहेरांच्या मालिकेतलं नवं. आठवीपासून वाचतेय ती मालिका. एखादा भाग आणायचा राहिला तर माझ्याशी अबोला धरायची. आज म्हणाली, वाचनालयात परत करा, अर्धंच वाचलंय.
"का गो?"
"पप्पा, यात कोणाचं कायमचं काही बिघडतच नाही."
बारावीची परीक्षा देऊन बसलेली पोर. तिच्या वयात मला हे सुचलं नसतं. आता सुट्टीभर मोठ्यांच्या कादंबऱ्या हव्यात आणि त्या मी निवडायच्या. शीतल शिलाई मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, लेकीला काय ते द्या, फक्त तिची झोप उडेल असं काही आणू नका.

९ एप्रिल. लोटे. फर्स्ट शिफ्ट.
मीटरचं रीडिंग घेतानाही डोक्यात कादंबऱ्या. मी वाचायला लागलो ते कंपनीत लागल्यावर. खोलीवर टीव्ही नव्हता. हातात येईल ते वाचलं, कोणी निवडून दिलं नाही. त्यामुळे काय आधी द्यावं, काय नंतर, ते कळत नाही. प्रेमाची द्यावी? बापाने? बसमध्ये शेजारच्या जाधवला विचारलं. म्हणाला, स्पर्धा परीक्षांची दे, उपयोग तरी होईल.

१३ एप्रिल, रविवार. घरी.
उद्या जयंती, म्हणून जोडून सुट्टी. वाचनालयात एकटाच गेलो. नेनेबाई ग्रंथपाल, प्रज्ञाला लहानपणापासून ओळखतात. पण तिचं सभासदत्व बालविभागाचं, मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक माझ्याच नावावर मिळणार. बराच वेळ उभा. शेवटी तीन घेतल्या. एक धरणात गाव गेलेल्या घराची. एक मासे विकणाऱ्या विधवेची. एक जाडजूड, किल्ल्यावरची.
चौथी हातात घेतली आणि परत ठेवली. कारखान्यात स्फोट होतो, ऑपरेटरचे डोळे जातात. मी ती खोलीवर वाचली तेव्हा दुसऱ्या दिवशी प्लँटमध्ये प्रत्येक रीडिंग दोनदा घेतलं होतं. ती प्रज्ञासाठी नाही. निदान या सुट्टीत नाही.

२० एप्रिल, रविवार.
किल्ल्यावरची सोडली. म्हणे सगळे भाषणात बोलतात, घरात जेवतानासुद्धा. खरं आहे. मी ती आदराने पूर्ण केली होती. आता वाटतं, आदर बाजूला ठेवला असता तर मलाही हे दिसलं असतं.
धरणाची वाचून झाल्यावर म्हणाली, त्यांना नवी जागा मिळाली, शेजार नाही मिळाला. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, मी परत चाळून बघितलं. पण आहे, सगळीकडे आहे.
विधवेची दोनदा वाचली. ती दुसरं लग्न करते की नाही ते शेवटी सांगितलेलंच नाही. मला वाटलं चिडेल. तर म्हणे, बरं झालं, तिचं तिला ठरवू दे. शीतल आमटी ढवळत ऐकत होती, तिने विचारलं, पण केलं असेल ना? त्यावरून मायलेकींचं जेवण होईपर्यंत चाललं. शीतलने पुस्तक उघडलेलं नाही, पण मत पक्कं. मी मधे पडलो नाही. आमच्या घरात असं भांडण पहिलंच.

२४ एप्रिल. लोटे.
प्रज्ञाचा रोज फोन. शिफ्ट सुटली का, खोलीवर पोचलात का. एरवी काही हवं असेल तरच करते. आज शीतलने फोन हातात घेतला.
"पोरीला धड झोप नाय. ते कारखान्याचं पुस्तक कशाला दिलंत?"
मी दिलं नाही म्हणालो. मग कळलं, माझ्या नावावर प्रज्ञानेच जाऊन आणलंय. मी कपाटात कुठलं परत ठेवलं ते तिला माहीत असायचं कारण नाही. स्वतःच शोधलं.
रागवावं असं ठरवलं. जमेल असं वाटत नाही.

२७ एप्रिल, रविवार.
संध्याकाळी प्रज्ञा आणि मी दोघंच भाट्याच्या किनाऱ्यावर. वाळूत चालत बरंच पुढे गेलो. तिने विषय काढेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मग तीच थांबली.
"त्या ऑपरेटरच्या मुलीला बाप काय काम करतो ते माहीतच नसतं. स्फोट झाल्यावर पेपरात वाचते. मला तसं कळलेलं नको."
घरी कोणी विचारलं तर मी आजवर 'प्लँटवर असतो' एवढंच सांगत आलो. आज सगळं सांगितलं. रिअॅक्टरचं तापमान कसं बघतो, चढायला लागलं तर आधी काय बंद करतो, सायरन झाला की कुठे जमायचं. ती मधे मधे अडवून विचारत होती, आणि नेमकं विचारत होती. शेवटी म्हणाली, भीती वाटते का.
"वाटते. म्हणून लक्ष राहतं."
मग चप्पल हातात घेऊन पाण्यात गेली. परत येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. घर आलं तरी लगेच उठवली नाही.

४ मे, रविवार.
वाचनालयात सुट्टीतल्या वाचकांचा कार्यक्रम. आपल्याला आवडलेल्या पुस्तकावर बोलायचं. प्रज्ञा त्याच कारखान्याच्या पुस्तकावर बोलली. शीतलने शिवलेला निळा कुर्ता घालून. म्हणाली, स्फोटाचं सगळं खरं वाटतं, पण लेखकाने मुलीला फक्त रडायला ठेवलंय. दहावीतली मुलगी आहे. ती रडेल, पण विचारेलसुद्धा की नेमकं काय बंद पडलं, आणि कोणाला आधी माहीत होतं.
एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, बाळ, ही शोकांतिका आहे, तिथे अश्रूच हवेत. ती म्हणाली, असेल. पण मी त्या वयाची होते त्याला फार दिवस झाले नाहीत, मला ते पटलं नाही. गृहस्थांनाही तिचं पटलं नाही. तरी कार्यक्रम संपल्यावर तिच्याशी बोलत थांबले.
शीतल मला कोपराने ढोसत होती. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे जाऊन उगाच पेपर चाळला. अक्षरं दिसत नव्हती.
नेनेबाईंनी मला तिथून परत बोलावलं. म्हणाल्या, यापुढे हिला तुमच्या नावाची गरज नाही, हवं ते हिने स्वतःच्या नावावर न्यावं.

१३ मे. लोटे. सेकंड शिफ्ट.
या खेपेला प्रज्ञाने माझ्यासाठी कादंबरी निवडून पिशवीत घातली. शिफ्टला जायच्या आधी वाचतोय. त्यात एक बाप आहे. चांगला माणूस, घरासाठी राबतो, आणि मुलगी काही सांगायला लागली की 'बघू' म्हणून उठतो. मुलीला बाहेरगावी शिकायला जायचंय. प्रज्ञाने अजून तसं काही काढलेलं नाही. निकाल यायचाय.
तिने हे मुद्दाम दिलं का, ते विचारायला फोन हातात घेतला होता. ठेवला. ती म्हणेल, आधी पूर्ण वाचा. बसची वेळ होईपर्यंत अजून एक प्रकरण होईल.