लोण्यासारखं मटण

१ फेब्रुवारी
धाकटीने आज कमाल केली! सासूबाईंच्या अंगात ताप, हातात पिशवी, आणि तशाच आणून दारात उभ्या केल्या. म्हणे, "एक तारीख ना ताई आज." तारीख मला कळते! अर्धा महिना तिच्याकडे, अर्धा माझ्याकडे, हा नियम आम्हा दोघी जावांनीच ठरवलाय. पण ताप तिच्याकडे आला, तर उतरेपर्यंत तिने सांभाळायचं की नाही? दारातच सुनावलं. तर उलट मलाच, "मागे तुम्ही दोन दिवस आधी पाठवलंत ते?" अगं, लग्नाला जायचं होतं म्हणून! बराच वेळ चाललं. शेवटी मीच घेतलं त्यांना आत. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. नेहमीसारखा.

४ फेब्रुवारी
ताप उतरला. मटण केलं.

फोनवर आमचा 'आज रात्री काय?' ग्रुप आहे. चार वाजले की बायकांना प्रश्न पडायला लागतात. मटणाचं काही निघालं की सगळ्या मलाच हाक मारतात. आज केकवालीने विचारलं, चिवट का होतं हो? सांगितलं — धाग्याच्या आडवं काप, फ्रिजमधून काढून थेट गॅसवर चढवू नकोस, आणि शिजताना गार पाणी ओतलंस तर हात तोडीन! अंगठेच अंगठे आले.

घरात मात्र कौतुकाच्या नावाने शून्य. सासूबाईंनी रस्सा कालवून चार शितं खाल्ली. मटणाचा एक तुकडा कितीतरी वेळ घोळवला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. "चावत नाही गं." इतकी वर्षं चावलं ते!

७ फेब्रुवारी
आज असं शिजवलं की हाडापासून आपोआप सुटत होतं. तरी ताटाच्या कडेला तुकड्यांची रांग. वर म्हणतात, "धाकटीकडचं लोण्यासारखं असतं."

धाकटीकडचं! जिला कांदा परतायला मी शिकवलं!! सगळं अंग जळलं. खाटकाशीसुद्धा भांडून आले — कोवळं म्हणून काय देतोस? तो बिचारा बघतच राहिला. म्हणाला, "बाई, याहून कोवळं म्हणजे आईच्या पोटातलंच."

१६ फेब्रुवारी
गेल्या. पिशवी मीच भरली. जा म्हणावं, लोणी खा!

२१ फेब्रुवारी
धाकटीचा ग्रुपवर प्रश्न — "मटण अगदी मऊ व्हायला काय करता? घरात म्हातारं माणूस आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. लोणी करणारी बाई मला विचारते! मुद्दाम. चारचौघींत खिजवायला. बँकवाली म्हणाली कच्ची पपई वाटून लाव, केकवाली म्हणाली दह्यात मुरव, कुणी तरी चहाचं पाणी घाल म्हणाली. सगळ्या माझी वाट बघत होत्या. मी एक हसरा चेहरा टाकला आणि फोन उपडा ठेवला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

१ मार्च
आल्या. काय वाळल्यात! अंगठी बोटातून निसटते म्हणून तिला दोरा गुंडाळलाय. लोणी खाऊन माणूस असं होतं होय? ग्रुपवर मिरवायला मटण, आणि म्हातारीला पातेल्याच्या तळातलं पाणी देत असणार. ह्यांना म्हटलं, तर म्हणे, "कवळी सैल झाली असेल." झालं! मुलाचं कर्तव्य संपलं.

५ मार्च
पपई लावली. हो, बँकवालीची युक्ती. हे फक्त या वहीला सांगते. काल संध्याकाळी लावून ठेवली, सकाळी बघते तर लगदा! मटणाला धागा म्हणून उरला नाही. पपई थोडाच वेळ ठेवायची असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी म्हणे मटणातली गुरू!

टाकून कशी देणार? तोच शिजवून वाढला. चमच्याने. बिनदाताच्या बाळाने खाल्ला असता. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घेतला. पाणी प्यायल्या. पुन्हा पाणी. मान लांब केली. डोळे भरून आले, आणि तशातही म्हणाल्या, "धाकटीकडचं जरा —"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. चांगली ऐकू जातील अशी.

६ मार्च
तो लगदा डोक्यातून जात नाही. लगद्यात चावायचं काय असतं?

धाकटीला फोन केला. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. सरळ विचारलं, तुझ्याकडे त्या मटण कसं खातात गं? ती एकदम रडायलाच लागली. "ताई, माझ्याकडे कुठे खातात! नुसता रस्सा पितात. आणि येता-जाता म्हणतात, थोरलीचं लोण्यासारखं असतं. म्हणून तर ग्रुपवर विचारलं मी. तुम्ही नुसता चेहरा टाकलात."

मला वाटत होतं तिच्याकडे खातात. तिला वाटत होतं माझ्याकडे. म्हणजे त्या कुठेच खात नव्हत्या.

९ मार्च
अन्ननलिकेत गाठ. बरीच वाढलीय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गिळायला त्रास कधीपासून?" साधा प्रश्न. धाकटी म्हणाली, "ताईंकडे असताना..." मी म्हणाले, "हिच्याकडे असताना..." डॉक्टरीणबाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "कुणीतरी एकीने सांगा." एकीलाही सांगता येईना. हे बाकावर बसून बुटांकडे बघत होते.

आता नळी घालणार आहेत. नळीतून दूध, पेज, असलं काही.

मी त्यांच्या ताटातले तुकडे बघत बसले. त्यांच्याकडे बघितलंच नाही. लाज वाटते स्वतःची.

१० मार्च
केकवाली — "ताई, उद्या पाहुणे आहेत, मटण मऊ कसं करू?" ग्रुप सोडला.

१६ मार्च
आज सोळा. पिशवी भरायची तारीख. आम्ही दोघीही हॉस्पिटलमध्येच. सासूबाईंना विचारलं, आई, एकदा तरी बोलायचंत. का नाही सांगितलंत? आवाज पार खोल गेलाय, कान जवळ न्यावा लागला.

"तापाच्या वेळी दारात उभी होते ना गं, पिशवी घेऊन. तुमचं चाललं होतं, हा ताप कुणाचा. तेव्हाच ठरवलं, आता कुणाच्याच पंधरवड्यात आजारी पडायचं नाही."