ओट्यापाशी शिकलेलं इंग्रजी

आई,

तू गेल्यापासून आपल्या घरात इंग्रजीत कुणी भांडलेलं नाही. जेऊरला मामाच्या घरभरणीला जायचं की नाही, यावर पप्पा काहीच ठरवेनात, तेव्हा तू त्यांच्यापुढं चहाचा कप आदळून म्हणाली होतीस, "बॉल इज इन युवर कोर्ट. आता तुमी बगा." पप्पा माझ्याकडं वळले, "ही काय म्हनती गं?" तिनं ठरवायचं काम तुमच्यावर सोडलंय, असं मी सांगितल्यावर ते बिचारे लगेच म्हणाले, "मग जाऊ की." होटगीला रेल्वेचे रूळ तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, बायको इंग्रजीत चिडते हे नवीनच होतं. हे आठवलं की मी एकटीच हसते, आणि मग मागचं सगळंच उलगडत जातं.

तेव्हा मी बी.कॉम.ला होते आणि संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या एका क्लासला जायचे. तिथं बिझनेस इंग्लिश शिकवायचे. ऑफिसात वापरायचे वाक्प्रचार, मीटिंगमधले शब्द, चारचौघांसमोर उभं राहून प्रेझेंटेशन कसं द्यायचं, असलं सगळं. तू टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग खात्याची सुपरवायझर. शिलाई होऊन आलेल्या टॉवेलचे कोपरे तपासायचे, सुटलेले दोरे छोट्या कात्रीनं कापायचे, डाग दिसला तर माल बाजूला काढायचा. हे काम करणाऱ्या बायकांना तू 'माज्या पोरी' म्हणायचीस, त्यातल्या काही तुझ्याहून मोठ्या असल्या तरी. एके दिवशी तू बातमी घेऊनच घरात शिरलीस. परदेशातली पार्टी, म्हणजे माल घेणारी माणसं, कारखाना बघायला येणार होती, आणि ज्यानं त्यानं आपल्या खात्याचं काम इंग्रजीत सांगायचं होतं. ज्याला जमणार नाही त्याच्या वतीनं ऑफिसातला साहेब बोलेल. पुढं त्या खात्यावर शिकलेला मॅनेजर आणून बसवतील, असंही बायकांत बोललं जात होतं. बाकीच्या सुपरवायझरांनी हात वर केले. सातवीत शाळा सुटलेली तू म्हणालीस, "माजं काम मीच सांगनार. तू क्लासात काय शिकतीस ते रोज येऊन मला सांग."

मग आपला क्लास ओट्यापाशी सुरू झाला. तू भाकरी थापते आहेस, मी फळीवर चढून बसले आहे, आणि प्रत्येक थापेला एकेक शब्द पडतो आहे: अवर, डिपार्टमेंट, चेक्स, एव्हरी, पीस. वाक्प्रचार आले की तुझी खरी मजा. "थिंक आउटसाइड द बॉक्स" म्हणजे चाकोरीबाहेरचा विचार, हे समजावल्यावर तू पीठ लागलेला हात कमरेवर ठेवून म्हणालीस, "खोक्याच्या भायेर कशाला इचार करायचा? माल तर खोक्यातच भरून जातुय की." उभं कसं राहायचं, पदराशी चाळा करायचा नाही, पहिलं वाक्य बोलून झालं की जरा थांबायचं, हे मी क्लासात आज शिकायचे आणि लगेच रात्रीच्या जेवणाआधी तुला शिकवायचे. पप्पांना खुर्चीवर बसवून आपण त्यांना पार्टी करायचो. ते हाताची घडी घालून गंभीर चेहऱ्यानं फक्त "येस, येस" म्हणायचे. एकदा मी तुझे उच्चार फार सुधारायला लागले, तेव्हा तू तवा उतरवून माझ्याकडं वळलीस. "तू पैलं पाऊल टाकलंस तवा तू पडलीस बी हुतीस. मी टाळ्याच वाजवल्या. तू बी वाजव की." मी वाजवल्या. पप्पांनीही वाजवल्या.

तुझ्या भाषणात एक वाक्य होतं: वुई नेव्हर कट कॉर्नर्स. आम्ही कामात अंगचोरी करत नाही, कमी मेहनतीत माल उरकून टाकत नाही, हा त्याचा अर्थ तुला चांगला ठाऊक होता. पण पार्टी आली त्या दिवशी पडद्यावर टॉवेलच्या कोपऱ्याचा मोठा फोटो आला, आणि तुझ्या डोळ्यांपुढं वाक्याऐवजी कोपऱ्यावरचे दोरे कापायचं काम उभं राहिलं. तू अभिमानानं सांगून टाकलंस, "वुई कट ऑल कॉर्नर्स. एव्हरी डे. आय चेक मायसेल्फ."

संध्याकाळी तू आलीस ती चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसलीस. "मी काय बोलले गं? मालक खाली बगाय लागले. साहेबानं सॉरी सॉरी म्हनत फुडचं चित्र लावलं." मी वाक्य विचारलं, तू सांगितलंस, आणि ते तुझ्याच तोंडून ऐकताना तुझ्या लक्षात आलं. "म्हंजी मी त्यांना म्हनले, आमी कामात चोरी करतो?"

मला वाटलं, आता तू रडणार. तू उठून हातपाय धुतलेस आणि कणीक मळायला घेतलीस. मग म्हणालीस, "उद्या दुपारपतूर हायेत ती मानसं. मी परत बोलते." पप्पा म्हणाले, "आगं, ऱ्हाऊ दे. इसरतील." तू मान हलवलीस. "माजं ऱ्हाऊ दे. पोरींच्या कामाला डाग लागला की."

दुसऱ्या दिवशी तू मालकांच्या केबिनबाहेर उभी राहिलीस. "मालक, मला दोन मिनिटं पायजेत." ते म्हणाले, "बाई, झालं ते झालं." तू म्हणालीस, "न्हाय झालं." कशाला तरी घाबरून म्हणा किंवा तुझा चेहरा बघून म्हणा, त्यांनी तुला आत पाहुण्यांसमोर नेलं. पडदा नाही, फोटो नाही. हातात एक टॉवेल आणि तुझी कात्री. तू ते वाक्य मला इतक्या वेळा म्हणून दाखवलंस की मी तिथंच होते असं मला वाटतं. "येस्टरडे आय सेड राँग. माय इंग्लिश कट द कॉर्नर. माय गर्ल्स, नेव्हर." पाहुण्यांमधली एक पिकल्या केसांची बाई मोठ्यानं हसली, उठून तुझ्याजवळ आली आणि म्हणाली, मला तुझ्या मुली दाखव. ती चेकिंगच्या टेबलावर पोरींच्यात बसली, तिनं स्वतः एक दोरा कापून पाहिला आणि तो वाकडा कापला. तू तिच्यासाठी टाळ्या वाजवल्यास.

ऑर्डर मालकांना हवी होती त्याहून लहानच आली. पण तुझ्या खात्यावर कुणी मॅनेजर बसला नाही, आणि त्यानंतर पार्टी यायची असली की आदल्या दिवशी घरी निरोप यायचा: बाईंना चांगली साडी नेसून यायला सांगा.

शेवटच्या आजारपणातही तुझं इंग्रजी उपयोगी पडलं, आणि तेव्हा मला ते नको होतं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, तुला कळू नये म्हणून, आणि मुद्द्यावर न येता नुसते गोल गोल फिरत होते. तू खुर्चीतून हात पुढं केलास. "डॉक्टर, प्लीज कम टू द पॉइंट." मग खुर्ची तुझ्याकडं वळवून त्यांनी सगळं तुलाच सांगितलं, मराठीत. तू माझा हात धरून ऐकलंस, आणि रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "मानूस चांगला हाय. नीट सांगितलं त्यानं."

काही वर्षं नोकरी करून मी ती सोडली. आता मी स्वतःच असा क्लास घेते. मागच्या आठवड्यात एक बाई आली, गणवेश शिवणाऱ्या युनिटमधली, बोलण्यात थोडा तेलुगू हेल. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, ह्या वयात जमंल का ओ मला?" मी तिला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "माझी आई बोलते की. तुमच्याच वयाची होती सुरू केलं तेव्हा."

"आता कुटं असतात त्या?"

"कारखान्यात. पार्टी आली की तीच बोलते."

तिला धीर आला, तिनं नाव नोंदवलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही, पण एवढं तुला सांगायचं होतं. मी दिवसभर लोकांच्या क्रियापदांचे काळ दुरुस्त करते. 'आई बोलते' यातला तो एक काळ चुकला होता, हे मला बोलतानाच कळलं होतं. मी तो दुरुस्त केला नाही.