डाव्या इंजिनाचं तेल

३ मार्च, सोमवार
सात नंबरच्या विमानाचं डावं इंजिन पुन्हा जास्त तेल प्यायलं. मर्यादेच्या आत आहे, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण आलेखातली रेघ तीन आठवडे चढतेच आहे. बाहेर गळती नाही, तापमान ठीक, थरथर ठीक. नुसतं तेल.

५ मार्च
साहेबांना आलेख दाखवला. "मर्यादा ओलांडली?" नाही. "मग?"
मग काय — परत येऊन बसले.
घरी बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, आमची पोरगी विमान चालवते. आधी मी दरवेळी सांगायचे — चालवत नाही, इंजिनांवर लक्ष ठेवते. आज चप्पल काढायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, चालवू दे.

११ मार्च, मंगळवार
बैठक. नियोजनाच्या मॅडमनी वर्षाचा तक्ता उघडला. ते इंजिन उतरवून तपासायची पाळी जूनमध्ये. आधी उतरवायचं तर दुसरं मागवा, विमान दोन दिवस उभं, फेऱ्या रद्द. "तुझ्या एका रेघेसाठी मी प्रवाशांना काय सांगू, बाई?" सगळे हसले. मीही हसले. मग म्हटलं, इंजिन उतरवा असं लेखी देते.
घरातले अर्ज, फॉर्म शाळेपासून मीच भरते. सहीची भीती कधी वाटली नव्हती. आज पेन दोनदा खाली ठेवलं.

१५ मार्च
इंजिन उतरवलं, दुसरं चढवलं. चौदा तास हँगरमध्ये. पाय सुजलेत.
दादाचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला सगळं कळतं. "तू इंजिनाला हात लावलास, की कागदालाच?" कागदालाच. पण त्या कागदापायी सहा माणसं दिवसभर राबली, हे त्याला सांगितलं नाही.

२४ मार्च, सोमवार
कारखान्याचा अहवाल आला. इंजिन पूर्ण उघडून पाहिलं. सील चांगली, बेअरिंग चांगली. कुठेच काही नाही.
साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. "पहिल्या वर्षी होतं असं," एवढंच म्हणाले. मॅडमनी माझ्या टेबलावर चहा पाठवला. तो जास्त लागला.
आई विचारते, अशी का बसलीस? काय सांगू — इंजिन धडधाकट निघालं म्हणून?

२५ मार्च
गेले, आले.

२६ मार्च, बुधवार
नव्या इंजिनाचे दहा दिवसांचे आकडे मांडले. तेही तेवढंच तेल पितंय. रेघ जिथे होती तिथूनच पुढे चढते आहे, जणू इंजिन बदललंच नाही.
दोन वेगळी इंजिनं, एकच रोग? पटेना.
विमान रात्री ज्या गावी थांबतं तिथे तेल भरलं जातं; आकडे तिथून येतात. तेल भरणाऱ्या काकांना फोन लावला. फेब्रुवारीतच बसच्या डेपोतून इकडे आलेत.
"काका, डावं इंजिन तुम्ही कुठलं धरता?"
"म्हणजे काय? विमानासमोर उभा राहतो. डाव्या हाताला येतं ते डावं."
"तोंड विमानाकडे करून?"
"मग काय पाठ करून उभा राहू? तेल भरायचंय ना मला, पोरी."
आमच्यात डावं-उजवं ठरतं ते वैमानिकाच्या खुर्चीवरून. समोर उभं राहिलं की उलटं — काकांचं डावं ते आमचं उजवं. काकांना हे कुणीच सांगितलं नाही. आणि मी महिनाभर त्यांचे आकडे मांडले, एकदाही विचारलं नाही. सही करायच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही.

तीच तारीख, दुपारी ३.५०
रोगी इंजिन अजून उजव्या पंखाखालीच आहे. सात नंबर हवेत, एकशे बासष्ट माणसं घेऊन. साहेब बाहेर, फोन उचलत नाहीत. नियंत्रण कक्षाला कळवलं — उतरलं की पुन्हा उडू देऊ नका.
"कुणाच्या सांगण्यावरून?"
माझ्या.