कामटीचं माप

मुरबाड, शनिवार संध्याकाळ

आज मान ताठ झाली माझी. लग्नांचे व्हिडिओ जोडायच्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. ते आणायला कल्याणला निघाले तर बाबांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या आत बांबूची कामटी धरली आणि मापात कापून दिली. सुतारकामात दारं, खिडक्या ते कामटीनंच मापतात. मी ती पिशवीत तळाशी दडवली. लाज कसली वाटली मला?

दुकानदार म्हणाला, "ताई, हे कार्ड कशातही बसतं."

काढलीच मग कामटी. तो हसला. कार्डाला लावली, तर कार्ड दोन बोटं लांब! गुमान आखूड कार्ड दिलं त्यानं. घरी ते अलगद बसलं.

बाबा म्हणाले, "कामटी टाकलीस का गो?"

टाकीन कशी? मॉनिटरवर ठेवलीय, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेल अशी.